नकोशा अशिलाचे वकीलपत्र

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२२ साली लंडनमध्ये बॅरिस्टर झाले व १९२३ पासून मुंबईत वकिली करू लागले. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला. संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या कर्व्यांवर समाजाचा रोष होता. तरीही बाबासाहेबांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. लैंगिक प्रश्नांवरील लेखन म्हणजे अश्लीलता नव्हे, अशी बाजू त्यांनी कोर्टात मांडली. निकाल विरुद्ध गेला. पण अशील एकाकी पडला नाही. पुढच्याच वर्षी बाबासाहेब मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले.

लोकांना नकोशा माणसाचीही बाजू निर्भयपणे मांडणे हा वकिलाचा धर्म होय. उद्या बीदर-भालकीच्या कोर्टात काळा कोट घालून उभ्या राहणाऱ्या कमलनगरच्या आमच्या मुलामुलींनी तो पाळावा, एवढीच आमची अपेक्षा.