स्वतःचा डोळा कर्कटकाने मोजणारा माणूस: थॉमस यंग

कंपासपेटीतलं कर्कटक आठवतंय का? दोन टोकदार पायांचं. १८०० साली लंडनमध्ये २७ वर्षांच्या एका डॉक्टरने तसलंच कर्कटक चक्क स्वतःच्या डोळ्याला लावलं. (तुम्ही हे अजिबात करू नका!)

त्याचं नाव थॉमस यंग. जन्म १३ जून १७७३, इंग्लंडमधलं मिल्व्हर्टन गाव. दोन वर्षांचा असतानाच वाचायला शिकला म्हणतात. विशीत असताना त्याने डोळा फोकस कसा करतो यावर निबंध लिहिला आणि १७९४ साली रॉयल सोसायटीत निवडून आला. मोबाईल कॅमेऱ्यात आपण ज्याला ऑटोफोकस म्हणतो, तोच प्रश्न. उत्तर मिळवायला त्याने डोळ्यावर पाणी भरलेली छोटी नळी धरली. त्यामुळे बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्याचं, म्हणजे कॉर्नियाचं काम जवळपास बंद झालं. तरी फोकस बदलतच होता! म्हणजे आकार बदलते ती आतली लेन्स.

आता कर्कटकाकडे येऊ. यंगने डोळा नाकाकडे पूर्ण वळवला. कर्कटकाच्या टोकांना बारीक किल्ल्या बसवल्या होत्या. एक टोक कॉर्नियापाशी, दुसरं बाहेरच्या कोपऱ्यातून डोळ्याच्या मागे. मागून दाब पडला की डोळ्यात प्रकाशाचा ठिपका चमकतो. तो ठिपका नजरेच्या बरोबर समोर आला की टोक योग्य जागी पोचलं. लांबी आली ०.९१ इंच, म्हणजे साधारण २३ मिलिमीटर. हत्यार बघता आकडा कमालीचा चांगला आहे.

यंगला स्वतःलाही लांबचं नीट दिसत नसे. उभ्या रेषा एका अंतरावर स्पष्ट, आडव्या दुसऱ्या अंतरावर. त्याने ती अंतरं मोजली, १० इंच आणि ७ इंच, आणि आज ज्याला आपण सिलिंड्रिकल नंबर म्हणतो त्याचं पहिलं वर्णन केलं.

मुलांच्या चष्म्याशी याचा संबंध काय? जन्मतः डोळा साधारण १७ मिलिमीटर लांब असतो, मोठेपणी २३-२४. त्याहून जास्त लांबला तर प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच तयार होते आणि फळा धूसर दिसतो. एक मिलिमीटर जादा म्हणजे ढोबळमानाने अडीच-तीन मायनस नंबर. अंबड-परतूरच्या शाळेतलं सात वर्षांचं पोर तक्रार करत नाही, कारण सगळ्यांनाच असं दिसतं असं त्याला वाटतं. शिवाय मुलांची लेन्स इतकी जोरात फोकस करते की नंबर चुकीचा निघू शकतो, म्हणून तपासणीआधी थेंब घालतात. लांबीला असं फसवता येत नाही. दर सहा महिन्यांनी मोजली की डोळा वयाच्या मानाने किती वेगाने वाढतोय ते कळतं. फक्त लांबीवरून नंबर काढता येत नाही हं. कॉर्नियाचा बाकही बघावा लागतो.

आता गंमत बघा. आजचं बायोमीटर मशीन डोळ्याला हात न लावता, प्रकाश आत सोडून परत आलेल्या लहरी एकमेकींवर पाडतं आणि लांबी मोजतं. लहरी अशा एकमेकींत मिसळतात, म्हणजे व्यतिकरण होतं, हे कोणी दाखवलं? यंगनेच, १८०१ ते १८०३ दरम्यान. तेव्हा एडिंबरोच्या नियतकालिकात त्याची खिल्ली उडवली गेली. त्याने उत्तरादाखल पुस्तिका छापली, तिची एकच प्रत विकली गेली म्हणे. डोळा तीन मूळ रंगांवरून सगळे रंग ओळखतो, ही कल्पनाही त्याने मांडली. तुमच्या स्क्रीनवरचे लाल, हिरवे, निळे ठिपके त्याच हिशोबाने चालतात.

पुढे तो सेंट जॉर्ज हॉस्पिटलात डॉक्टर झाला, रोझेटा शिळेवरच्या इजिप्शियन लिपीच्या मागे लागला. १० मे १८२९ ला, ५५ व्या वर्षी गेला.

जालन्याचं श्री गणपती नेत्रालय मराठवाड्यात बहुतेकांना ठाऊक आहे. तिथे किंवा जवळच्या कोणत्याही नेत्रतज्ज्ञाकडे मुलाला नेलं, तर नंबरासोबत डोळ्याची लांबीही मोजता येते का, एवढं विचारा. मशीनवर हनुवटी टेकवायची आणि समोरच्या ठिपक्याकडे बघायचं, काही सेकंदांचं काम.