श्रीअरविंदांचे पूर्वायुष्य आणि कारागृहातील गीताभ्यास

ईश्वराविषयीची आर्ती जीवाला कोणत्या निमित्ताने उपजेल, हे सांगता येत नाही. श्रीअरविंद घोष यांना ती उपजली ती मोक्षाच्या इच्छेने नव्हे, तर देश सोडविण्यास बळ हवे म्हणून.

15 ऑगस्ट 1872 रोजी कलकत्त्यास त्यांचा जन्म झाला. वडील डॉ. कृष्णधन पाश्चात्त्य राहणीचे कडवे अभिमानी. 1879 मध्येच त्यांनी मुलांना विलायतेस नेऊन ठेवले. ग्रीक-लॅटिनमध्ये अरविंद निष्णात झाले, मातृभाषा मात्र परकी राहिली. आय. सी. एस.ची लेखी परीक्षा उत्तीर्ण होऊनही ते घोडेस्वारीच्या परीक्षेस गेले नाहीत आणि ती नोकरी टळली. 1893 मध्ये ते बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या सेवेत आले. संस्कृत, बंगाली, मराठी यांचा अभ्यास येथेच झाला. त्याच वर्षी मुंबईच्या ‘इंदुप्रकाश’मध्ये काँग्रेसच्या याचनावृत्तीवर त्यांची जळजळीत लेखमाला सुरू झाली, न्यायमूर्ती रानड्यांनी संपादकांस सावध केले, तेव्हा सूर नरमला आणि लेखकाचा रसही आटला.

संसार सोडावयास लावणारा योग आपला नव्हे, असे त्यांचे प्रारंभीचे मत होते. पुढे ते प्राणायाम करू लागले, पण तोही कार्यासाठीच. 1905 मध्ये बंगालची फाळणी झाली. पुढील वर्षी ते कलकत्त्यास गेले. ‘वंदे मातरम्’ पत्रातून त्यांची लेखणी तळपली. डिसेंबर 1907 मध्ये सुरतेस काँग्रेस फुटली.

त्यानंतर लगेच, जानेवारी 1908 मध्ये, बडोद्यास विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याशी त्यांची गाठ पडली. विचार आपल्यात उपजत नाहीत, बाहेरून येतात. ते आत शिरण्यापूर्वीच परतवावेत, अशी लेल्यांची शिकवण. तीन दिवस ते एका खोलीत बसले आणि चित्त सर्वथा निःशब्द झाले. मागितले होते कार्याचे सामर्थ्य. लाभली जग मिथ्या भासविणारी शांती! त्याच अवस्थेत मुंबईच्या सभेत बोलावयाचे होते. श्रोत्यांस नमस्कार करून स्वस्थ राहावे, वाणी आपोआप येईल, असे लेल्यांनी सांगितले. आणि तसेच घडले.

मे 1908 मध्ये बाँबकटाच्या आरोपावरून त्यांस अटक झाली. अलीपूरच्या तुरुंगात एक वर्ष गेले. आरंभी एकांतकोठडीत मन कासावीस झाले. मग गीता हाती आली. भिंती, पहारेकरी, चोर-दरोडेखोर, न्यायासनावरील न्यायाधीश, सर्वत्र त्यांना वासुदेवच दिसू लागला. 6 मे 1909 रोजी ते निर्दोष सुटले; त्याच महिन्यात उत्तरपाड्याच्या भाषणात त्यांनी हा अनुभव लोकांसमोर मांडला.

येथे आपणांस थांबावे लागते. श्रीकृष्णचक्रवर्ती हे साक्षात् परमेश्वरावतार, ही आपली श्रद्धा. म्हणून कारागृहात त्यांचे स्मरण घडले हे वाचून अंतःकरण भरून येते. परंतु जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चारही पदार्थ नित्य व परस्परभिन्न, असे ब्रह्मविद्येचे सांगणे आहे. भिंतही वासुदेवच, हा अर्थ आपणांस स्वीकारता येणार नाही. पूर्वी राष्ट्राला देवी मानून तिचे मंदिर उभारण्याची त्यांची कल्पनाही देवताभक्तीचीच होती. मतभेद आहे तो आहे. तो झाकून चरित्र सांगणे बरे नव्हे. मात्र फाशीची शक्यता समोर असताना त्यांनी कोणाचा आधार धरला, हे आपल्यापैकी ज्यांचे स्मरण किरकोळ व्यवधानानेही तुटते त्यांनी पाहण्यासारखे आहे.

1910 मध्ये ते चंद्रनगरास व तेथून पाँडिचेरीस गेले. 1920 मध्ये नागपूर काँग्रेसचे अध्यक्षपद स्वीकारावे म्हणून डॉ. मुंजे यांनी त्यांना आग्रह केला. त्यांनी तो नम्रपणे नाकारला आणि 5 डिसेंबर 1950 रोजी देह ठेवीपर्यंत पाँडिचेरी सोडली नाही.