कोर्टात भांडून चित्रं परत मिळवली आणि त्यातली ३१५ जाळली! कोण होते जॉर्ज रुओ?

५ नोव्हेंबर १९४८. फ्रान्समधले ७७ वर्षांचे चित्रकार जॉर्ज रुओ यांनी स्वतःची ३१५ चित्रं अधिकृत साक्षीदारासमोर आगीत टाकली. तेव्हा त्यांच्या चित्रांना चांगली किंमत होती. मग असं का?

रुओ यांचा जन्म २७ मे १८७१ चा, पॅरिसच्या बेलव्हिल या कामगार वस्तीतला. पॅरिस कम्यून चिरडलं जात होतं, तोफा सुरू होत्या, त्यामुळे बाळंतपण तळघरात झालं. वडील लाकूडकाम करणारे कारागीर. चौदाव्या वर्षी रुओ चर्चच्या रंगीत काचांचं काम शिकायला लागले. काचा जोडणाऱ्या शिशाच्या काळ्या पट्ट्या त्यांच्या हातात इतक्या बसल्या, की पुढे त्यांच्या चित्रांतल्या माणसांनाही तशाच जाड काळ्या रेघा आल्या.

ते श्रद्धाळू कॅथलिक होते, पण देवदूत आणि तेजोवलयं रंगवण्यात ते रमले नाहीत. त्यांनी रंगवले सर्कशीतले थकलेले विदूषक, वेश्या, निर्विकार न्यायाधीश. त्यांचा ख्रिस्तही या विदूषकांचा भाऊच वाटतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात सुरू केलेल्या 'मिझरेरे' या ५८ छापचित्रांच्या मालिकेत हे सगळ्यात ठळक दिसतं.

वाद नेमका काय होता?

१९१३ मध्ये व्यापारी आंब्रुआज व्होलार यांनी रुओंच्या स्टुडिओतली सगळी चित्रं घेतली. अपुरी चित्रं रुओंनी सवडीनं पूर्ण करायची, असं ठरलं. पण रुओ एकेका चित्रावर वर्षानुवर्षं रंगाचे थर चढवायचे. 'मिझरेरे'च्या प्लेट १९२७ ला तयार झाल्या, प्रकाशन थेट १९४८ मध्ये!

१९३९ मध्ये व्होलार अपघातात गेले आणि वारसांनी शेकडो अपुऱ्या चित्रांवर हक्क सांगितला. रुओ कोर्टात गेले. चित्र पूर्ण झालं की नाही हे चित्रकारानं ठरवायचं, की पैसे मोजणाऱ्यानं? १९४७ मध्ये निकाल रुओंच्या बाजूनं लागला. जी चित्रं या वयात आपल्या मनासारखी पूर्ण होणार नाहीत असं त्यांना वाटलं, ती पुढच्या वर्षी जाळली. ही चित्रं विकायची असती तर खटला लढण्याची गरजच नव्हती.

गंमत म्हणजे, आयुष्यभर ख्रिस्त रंगवणाऱ्या या माणसाच्या काचा चर्चमध्ये लागल्या त्या म्हातारपणी, आल्प्समधल्या असी गावात. १३ फेब्रुवारी १९५८ ला ते वारले. सरकारी इतमामात अंत्यसंस्कार झाले.