अंगावर ४६ पट भार झेलणारा डॉक्टर: सीट बेल्ट नुसता असून भागत नाही, हे जॉन स्टॅप यांनी कसं दाखवलं?

वाशिम जिल्ह्यात कामरगावसारख्या गावांत पिकअपशिवाय पान हलत नाही. सोयाबीनची पोती असोत, कापूस असो की खत, सगळी भिस्त तिच्यावरच. त्यात कारंज्याजवळून समृद्धी महामार्ग गेला आणि वेगाची सवयही लागली. अशा वेळी एखाद्या हौशी चालकाच्या डोक्यात येऊ शकतं, की आपल्या गाडीतही रेसिंगवाल्यांसारखा दोन्ही खांद्यांवरून येणारा हार्नेस बसवला तर?

या प्रश्नाचं उत्तर एका डॉक्टरने शोधून ठेवलंय. तेही स्वतःची हाडं मोडून घेऊन. त्यांचं नाव जॉन पॉल स्टॅप.

स्टॅप यांचा जन्म ११ जुलै १९१० चा, ब्राझीलमधल्या बाहियाचा. आईवडील अमेरिकन मिशनरी होते. तरुणपणी त्यांच्या नात्यातलं एक तान्हं बाळ भाजून दगावलं. ते पाहिल्यावर त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं, असं सांगितलं जातं. पण शिक्षणाला पैसा नव्हता. आधी प्राणिशास्त्र, मग जीवभौतिकीतली डॉक्टरेट असं करत करत १९४४ साली ते एमडी झाले आणि लष्कराच्या हवाई दलात दाखल झाले.

त्या काळी असं मानलं जायचं की माणसाच्या शरीरावर १८ जी पेक्षा जास्त झटका बसला, तर तो वाचत नाही. जी म्हणजे काय? तर १ जी म्हणजे आपलं रोजचं वजन आणि १८ जी म्हणजे त्याच्या १८ पट भार. तेवढ्या झटक्यात माणूस मरणारच असेल, तर विमानाची सीट आणि पट्टे त्याहून मजबूत करून उपयोग काय, असा हिशोब होता.

स्टॅप यांना हा हिशोब पटला नाही. वैमानिक झटक्याने मरतात की सीट उखडल्यामुळे आणि पट्टा तुटल्यामुळे, हे त्यांना तपासायचं होतं.

१९४७ साली कॅलिफोर्नियातल्या म्युरॉक तळावर प्रयोग सुरू झाले. रुळांवर रॉकेटने पळणारी एक घसरगाडी आणि शेवटी तिला गपकन थांबवणारे ब्रेक. सुरुवातीला तिच्यात पुतळा बसवला. मग डिसेंबरमध्ये स्टॅप स्वतः बसले. पुढच्या काही वर्षांत त्यांचं मनगट मोडलं, बरगड्यांना तडे गेले, दातांतलं सिमेंट निघालं, डोळ्यांत रक्त उतरलं. तरी दर वेळी पट्ट्यांची मांडणी थोडी बदलून ते पुन्हा बसायचे.

याच प्रयोगांतला १९४९ चा एक किस्सा प्रसिद्ध आहे. हार्नेसवर किती ताण येतो हे मोजायला एडवर्ड मर्फी नावाच्या अभियंत्याने सेन्सर आणले. गाडी सुसाट गेली, थांबली, पण आकडा आला शून्य! सगळे सेन्सर उलटे जोडले गेले होते. जी वस्तू चुकीची बसवता येते, ती कोणीतरी चुकीची बसवतोच, हा धडा पुढे मर्फीचा नियम म्हणून जगभर गेला.

सगळ्यात मोठी परीक्षा झाली १० डिसेंबर १९५४ रोजी, न्यू मेक्सिकोतल्या हॉलोमन तळावर. नऊ रॉकेटं पेटली आणि पाच सेकंदांत गाडीने ताशी १,०१७ किलोमीटरचा वेग गाठला. मग अवघ्या १.४ सेकंदांत ती थांबली. त्या क्षणी स्टॅप यांच्या शरीराने ४६.२ जी सोसले. म्हणजे ७० किलोच्या माणसावर सव्वातीन टनांचा भार. काही काळ त्यांना दिसेनासं झालं, पण दृष्टी परत आली.

यातून सिद्ध काय झालं? शरीर आपल्या समजुतीपेक्षा खूप चिवट आहे, पण ते नीट धरून ठेवलेलं पाहिजे. यानंतर लढाऊ विमानांच्या सीट ३२ जी सोसतील अशा बनू लागल्या.

आता हाच हिशोब पिकअपला लावून बघा. ताशी ६० च्या वेगातली गाडी अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर साधारण २८ जी होतात. ७० किलोच्या चालकामुळे पट्ट्यांवर जवळपास दोन टनांची ओढ बसते. सिंगल केबिनच्या पिकअपमध्ये सीटमागे असतो फक्त पातळ पत्रा. त्याला भोक पाडून बोल्ट कसला, तर तो पत्र्यासकट निघून येईल. खांद्यावरचे पट्टे मागे जवळपास आडवे जायला हवेत. ते सीटमागे खाली फरशीला बांधले, तर धडकेत तेच मणक्याला खाली दाबतात. कमरेचा पट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे. आणि दोन्ही खांदे जखडलेले असताना गाडी उलटून टप दबला, तर चालकाला बाजूला झुकताही येत नाही. म्हणून रेसिंगच्या गाडीत हार्नेससोबत लोखंडी पाइपांचा पिंजरा आणि खास सीट असते. नुसता हार्नेस आणून कंपनीचा बेल्ट काढून टाकणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

स्टॅप यांनाही रस्त्यावरच्या माणसाची काळजी होतीच. हवाई दलाची माणसं विमानापेक्षा मोटारींच्या अपघातांत जास्त जातायत, हे त्यांच्या लक्षात आलं. १९५५ पासून त्यांनी मोटार अपघातांवर परिषद भरवायला सुरुवात केली. त्यांच्या नावाची ती परिषद नंतरही चालू राहिली. १९५९ मध्ये व्होल्वोने निल्स बोलिन यांचा तीन टोकांचा बेल्ट गाडीत आणला. तोच आज आपल्या गाड्यांत असतो. एरवी तो सैल राहतो, त्यामुळे वाकता येतं, वळून बघता येतं. झटका बसला की मात्र जागच्या जागी अडकतो. १९६६ साली अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या सहीच्या वेळी स्टॅप हजर होते. आपल्याकडे बेल्ट न लावल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब खाली एक हजार रुपये दंड आहे.

रॉकेटच्या गाडीत २९ वेळा बसलेले जॉन स्टॅप १३ नोव्हेंबर १९९९ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, आपल्या राहत्या घरी वारले. चालकाला मात्र त्यांच्यासारखं काही करायचं नाहीये. गाडीसोबत आलेला बेल्ट ओढायचा आणि खटक्यात अडकवायचा. तो नीट बसवायचं काम कारखान्यात आधीच झालेलं आहे.