खरखरीचा वैरी

मामांच्या जुन्या पेट्रोल गाडीत रेडिओ होता. 1984 च्या सुमारास आम्ही त्या गाडीने साताऱ्याहून सांगलीला जात असू. आकाशवाणीचे सांगली केंद्र 1251 किलोहर्ट्झवर लावावे, तर गाणे कमी आणि खरखरच जास्त. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की खरखरीचा सूर चढे. म्हणजे चोर घरातलाच! स्पार्क प्लगची प्रत्येक ठिणगी हा एक लहानसा प्रक्षेपकच असतो. कराडच्या एका मिस्त्रीने प्लगच्या वायरींत रेझिस्टन्स आणि डायनामोवर कंडेन्सर बसवला, तेव्हा इंजिन गप्प झाले. वळवाच्या विजा आणि रस्त्यावरून गेलेल्या विजेच्या तारा मात्र गप्प बसेनात.

या खरखरीशी ज्याने जन्मभर वैर धरले, त्या एडविन आर्मस्ट्राँगविषयी मी पुष्कळ पुढे वाचले. कला शाखेच्या माणसाने इंजिनिअरचे चरित्र सांगावे, हा अपराध शास्त्राच्या मित्रांनी पोटात घालावा.

त्याचा जन्म 1890 चा, न्यूयॉर्कचा. लहानपणीच्या आजाराने शाळा बुडाली, स्वभाव एकलकोंडा झाला. घराच्या आवारात त्याने एरियलसाठी 125 फुटी खांब उभारला आणि त्यावर तो बेधडक चढे. 1918 साली, पहिल्या महायुद्धात पॅरिसला असताना, त्याने सुपरहेटरोडाइन ही रचना शोधली. मामांच्या रेडिओच्या पोटात तीच होती.

पण खरखर उरलीच होती. मध्यम लहरींवर आवाज लहरीच्या उंचीत साठवलेला असतो, आणि वीज किंवा ठिणगी नेमकी ती उंचीच बिघडवते. आर्मस्ट्राँगने आवाज लहरीच्या वारंवारतेत घातला आणि ग्राहकयंत्रात उंची सरळ छाटून टाकली. तिच्याबरोबर बरीचशी खरखरही गेली! 1933 साली या एफएमचे पेटंट मिळाले. 1935 च्या प्रात्यक्षिकात पेल्यात पाणी ओतल्याचा, कागद चुरगळल्याचा आवाजही श्रोत्यांना स्पष्ट ऐकू आला. एफएमचा दोष दुसराच. या लहरी जवळजवळ सरळ जातात, त्यामुळे डोंगराआड गाडी गेली की कार्यक्रम तुटतो. सातारकरांना हे सांगायला नको.

त्याचा मित्र डेव्हिड सार्नॉफ आरसीए कंपनीचा प्रमुख होता. कंपनीला मात्र टेलिव्हिजन हवे होते. 1935 मध्ये तिने एम्पायर स्टेट इमारतीवरून त्याचे सामान काढायला लावले. 1945 मध्ये अमेरिकन सरकारने एफएमचा पट्टाच हलवला, आणि लोकांनी घेतलेले संच निरुपयोगी झाले. 1948 साली त्याने आरसीएवर पेटंटचा दावा लावला. कज्जा लांबत गेला, पैसा आटला, घर मोडले. मला वाटते, वेळीच तडजोड केली असती तर तो जगला असता. पण तडजोड त्याच्या रक्तातच नव्हती. 31 जानेवारी 1954 च्या रात्री त्याने कोट, हॅट, हातमोजे घातले आणि तेराव्या मजल्यावरच्या खिडकीतून उडी घेतली.

त्याची पत्नी मॅरियन एकेकाळी सार्नॉफचीच सचिव होती. आरसीएशी तिने त्याच वर्षी तडजोड केली, बाकीचे दावे मात्र नेटाने चालवले. शेवटचा, 1967 मध्ये जिंकलेला, मोटोरोलावरचा होता. त्या कंपनीचे हे नावच मुळी मोटारीतल्या रेडिओसाठी ठेवलेले होते.