रबराला टिकाऊपण देणारे, पण आयुष्यभर कर्जात राहिलेले चार्ल्स गुडइयर

इंजेक्शनच्या औषधाच्या कुपीला रबरी बूच असते. सुई त्यातून आत जाते, औषध ओढून घेते आणि बाहेर येताच बुचाचे छिद्र मिटते. टेनिसचा चेंडू मैदानावर आपटला की क्षणभर चपटा होतो आणि लगेच मूळ आकार धारण करून उसळतो. रुग्णालय आणि क्रीडांगण या दोन्ही ठिकाणी रबराचा एकच गुण कामाला येतो : ताण पडून गेल्यावर पूर्ववत होण्याचा. हा गुण कडक उन्हात आणि गोठवणाऱ्या थंडीतही टिकवून धरणारी प्रक्रिया ज्यांनी शोधली, ते अमेरिकी संशोधक चार्ल्स गुडइयर १ जुलै १८६० रोजी न्यूयॉर्क येथे निवर्तले. त्या वेळी त्यांच्या डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलरचे कर्ज होते.

गुडइयर यांचा जन्म २९ डिसेंबर १८०० रोजी अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथे झाला. वडील अमासा हे लोखंडी सामान व शेतीची अवजारे तयार करून विकत असत. १८२४ मध्ये चार्ल्स यांचा विवाह क्लॅरिसा बीचर यांच्याशी झाला. पुढे त्यांनी फिलाडेल्फियात लोखंडी सामानाचे दुकान थाटले. मात्र उधारी वाढत गेली आणि १८३० च्या सुमारास व्यवसाय बुडाला. त्या काळी अमेरिकेत कर्ज न फेडणाऱ्यास कैदेत टाकले जात असे. पुढील अनेक वर्षे तुरुंगाची ही वाट गुडइयर यांच्या परिचयाची झाली.

१८३४ मध्ये न्यूयॉर्कमधील रॉक्सबरी इंडिया रबर कंपनीच्या दुकानात त्यांनी पाण्यात तरंगण्यासाठी वापरली जाणारी हवेची रबरी पिशवी पाहिली. तिची झडप त्यांना सदोष वाटली. सुधारित झडप तयार करून ते पुन्हा दुकानात गेले, तेव्हा खरी अडचण झडपेची नसल्याचे त्यांना समजले. उन्हाळ्यात रबर वितळून चिकट व दुर्गंधीयुक्त होत असे, तर थंडीत लाकडासारखे ताठर बनून तडकत असे. ग्राहक माल परत आणून टाकत होते आणि अमेरिकेतील संपूर्ण रबर उद्योग डबघाईला आला होता.

रसायनशास्त्राचे कोणतेही शिक्षण नसलेल्या गुडइयर यांनी हा प्रश्न सोडवण्याचा निश्चय केला. लवकरच कर्जापायी त्यांना फिलाडेल्फियात कैद झाली. तेथेच त्यांनी पत्नीकडून कच्चे रबर आणि लाटणे मागवून पहिले प्रयोग केले. चिकटपणा शोषला जावा म्हणून त्यांनी रबरात मॅग्नेशियाची व चुन्याची भुकटी मिसळून पाहिली. नायट्रिक आम्लाने रबराचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो, असेही त्यांना आढळले. अशाच एका प्रयोगात निघालेल्या वायूने ते गुदमरून जवळजवळ दगावले होते. थोडे यश हाती येताच सरकारने त्यांना दीडशे टपालपिशव्यांचे काम दिले, परंतु उन्हाळ्यात त्या पिशव्या आपोआप वितळू लागल्या आणि उरलीसुरली पतही गेली.

या ध्यासाची किंमत कुटुंबाने मोजली. घरातील वस्तू एकामागून एक गहाण पडल्या आणि एकदा तर मुलांची शाळेची पुस्तकेही विकावी लागली. अनेक अपत्ये बालपणीच मृत्यू पावली. अंगात रबरी कोट घालून हिंडणाऱ्या या माणसाची लोक टिंगल करीत. नातेवाईक व मित्र त्यांना हा नाद सोडून एखादा स्थिर धंदा पत्करण्याचा सल्ला देत. गुडइयर यांनी तो कधी मानला नाही.

मॅसॅच्युसेट्समधील वोबर्न येथे त्यांची नॅथनिएल हेवर्ड यांच्याशी गाठ पडली. रबराला गंधक लावून ते उन्हात वाळवण्याची हेवर्ड यांची पद्धत होती. गुडइयर यांनी तिचे हक्क विकत घेतले, तथापि त्या पद्धतीने केवळ वरचा थर सुधारत असे. १८३९ मध्ये गंधक मिसळलेल्या रबराचा तुकडा तापलेल्या शेगडीला लागला. वितळून जाण्याऐवजी तो चामड्यासारखा करपला आणि करपलेल्या भागाच्या कडेला लवचिक, न चिकटणारे रबर तयार झालेले दिसले. या घटनेला निव्वळ योगायोग म्हणणे गुडइयर यांना मान्य नव्हते. वर्षानुवर्षे त्या प्रश्नाचा विचार करणाऱ्यालाच असा संकेत ओळखता येतो, अशी त्यांची धारणा होती. उष्णता नेमकी किती आणि किती वेळ द्यावी, हे ठरवण्यात पुढील काही वर्षे गेली. दाबाखालील वाफेने सुमारे १३० अंश सेल्सियस तापमानात काही तास रबर तापवल्यास ते एकसारखे पक्के होते, असे अखेर निश्चित झाले. १५ जून १८४४ रोजी त्यांना अमेरिकी पेटंट मिळाले.

तोवर इंग्लंडमध्ये त्यांच्या रबराचे नमुने थॉमस हॅनकॉक यांच्या हाती पडले होते. त्यांवरील गंधकाची पिवळसर छटा ओळखून हॅनकॉक यांनी स्वतःच्या प्रयोगांनी ही प्रक्रिया उकलली आणि इंग्लंडमधील पेटंटसाठी गुडइयर यांच्या आधी अर्ज केला. रोमन अग्निदेवता व्हल्कन हिच्या नावावरून प्रक्रियेला व्हल्कनीकरण हे नाव मिळाले, तेही हॅनकॉक यांच्या एका मित्राने सुचवलेले होते. अमेरिकेत मात्र १८५२ मध्ये ट्रेंटन येथील गाजलेल्या खटल्यात न्यायालयाने गुडइयर यांचा हक्क मान्य केला. त्यांची बाजू तत्कालीन परराष्ट्रमंत्री डॅनियल वेब्स्टर यांनी मांडली होती व त्यासाठी १५ हजार डॉलर मानधन घेतले होते.

परवान्यांतून पैसा येऊ लागला, तरी गुडइयर यांच्या हाती तो टिकला नाही. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात त्यांनी फर्निचरापासून दागिन्यांपर्यंत सारे काही रबराचे असलेले दालन उभारले आणि त्यावर ३० हजार डॉलर खर्च केले. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी ५० हजार डॉलर गेले. त्याच सुमारास फ्रान्समधील पेटंट रद्द झाले व डिसेंबरमध्ये त्यांना पॅरिसच्या क्लिशी तुरुंगात जावे लागले. सम्राट तिसऱ्या नेपोलियनने दिलेला लिजन ऑफ ऑनर हा सन्मान त्यांनी त्या कोठडीतच स्वीकारला. पाच वर्षांनी आजारी कन्येच्या भेटीसाठी न्यू हेवनकडे निघाले असता न्यूयॉर्कमध्ये तिच्या निधनाची वार्ता त्यांना समजली. त्यानंतर लवकरच त्यांचाही अंत झाला.

आपण नेमके काय साधले, हे गुडइयर यांना कधीच कळले नाही. रबर हे बहुवारिक, म्हणजेच पॉलिमर आहे. सारख्या घटकांच्या लांबच लांब साखळ्यांनी ते बनलेले असते. उष्णतेने या साखळ्या एकमेकींवरून घसरतात आणि रबर पातळ होते. गंधकाचे अणू त्यांच्यामध्ये पूल बांधतात, त्यामुळे साखळ्या ताणल्या तरी सुटत नाहीत आणि ताण सरताच मूळ जागी परततात. अशा दीर्घ रेणूंची संकल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मन श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडली. त्यासाठी त्यांना १९५३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

व्हल्कनीकृत रबराचा फुटबॉल खुद्द गुडइयर यांनी १८५५ मध्ये बनवला होता. पुढे टेनिसचे चेंडू, हवा भरलेले टायर, शस्त्रक्रियेचे हातमोजे आणि सलाईनच्या नळ्या याच प्रक्रियेतून आल्या. साखळ्या जोडण्याचे तत्त्व अन्य बहुवारिकांनाही लागू पडले. १९६४ मध्ये ज्युडा फोकमन व डेव्हिड लाँग यांनी सिलिकोन रबरातून शरीरात औषध दीर्घकाळ हळूहळू सोडता येते, हे दाखवले. गंधकाविना, पण तशाच पुलांनी हे रबर पक्के केले जाते. भारतात १९०२ मध्ये केरळमधील पेरियार नदीकाठच्या तट्टेकाड येथे रबराची पहिली व्यापारी लागवड झाली. आज लाखो शेतकऱ्यांचा चरितार्थ ज्या चिकावर चालतो, त्याला टिकाऊ मागणी मिळाली ती व्हल्कनीकरणामुळेच.

१८९८ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन येथे एका नव्या टायर कंपनीने गुडइयर हे नाव धारण केले. त्यांच्या मृत्यूला तेव्हा ३८ वर्षे लोटली होती आणि त्यांच्या कुटुंबाचा त्या कंपनीशी कोणताही संबंध नव्हता. न्यू हेवनच्या ग्रोव्ह स्ट्रीट स्मशानभूमीत चार्ल्स गुडइयर चिरविश्रांती घेत आहेत.