भरतनाट्यममुळे ओळखल्या जाणाऱ्या रुक्मिणीदेवींनी प्राण्यांच्या मरणाचाही कायदा करायला लावला

गल्लीतल्या कुत्र्यांचा विषय निघाला की सोशल मीडियावर दोन गट पडतात. एका गटाला कुत्री नजरेसमोर नको असतात, दुसरा गट त्यांना रोज बिस्किटं घालत असतो. भांडण तापलं की कुणीतरी हमखास १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं नाव काढतं. हा कायदा कुणामुळे आला असं विचारलं, तर बहुतेकांच्या तोंडी मेनका गांधींचं नाव येतं.

कायदा आला तेव्हा मेनका गांधी चार वर्षांच्या होत्या.

कायदा आणायला सरकारला भाग पाडलं ते रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी. होय, त्याच. चेन्नईच्या कलाक्षेत्रवाल्या.

रुक्मिणीदेवींचा जन्म २९ फेब्रुवारी १९०४ चा, मदुराईचा. वडील नीलकंठ शास्त्री सरकारी बांधकाम खात्यात इंजिनिअर. घर सनातनी ब्राह्मणाचं, पण वडील थिऑसॉफिकल सोसायटीच्या विचारांकडे ओढले गेले आणि निवृत्तीनंतर कुटुंब मद्रासला अड्यारला, सोसायटीच्या मुख्यालयाशेजारी राहायला आलं. ॲनी बेझंट यांचा तिथे मोठा दबदबा. शाकाहार आणि सगळ्या जिवांबद्दल करुणा या गोष्टी त्या वातावरणात रोजच्या बोलण्यातल्या होत्या. रुक्मिणीदेवींनी पुढे जे केलं त्याची मुळं इथे आहेत.

१९२० मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांनी जॉर्ज अरुंडेल या इंग्रज थिऑसॉफिस्टशी लग्न केलं. नवरा २५ वर्षांनी मोठा आणि परदेशी. मद्रासच्या समाजात किती गहजब झाला असेल याची कल्पना करा. पण त्या डगमगल्या नाहीत. नवऱ्यासोबत जग फिरल्या.

पुढची गोष्ट अनेकांना माहीत असते, म्हणून थोडक्यात. १९२८ मध्ये रशियन बॅले नर्तकी ॲना पावलोव्हा मुंबईत आली होती. अरुंडेल दांपत्याने तिचा कार्यक्रम पाहिला आणि नंतर ऑस्ट्रेलियाला जाताना योगायोगाने ती त्याच जहाजावर भेटली. तिथून रुक्मिणीदेवी नृत्याकडे वळल्या. देवदासी समाजाने जपलेला सादिर हा नाच त्या पंदनल्लूर मीनाक्षीसुंदरम पिल्लै यांच्याकडे शिकल्या, १९३५ मध्ये स्टेजवर उभ्या राहिल्या आणि १९३६ मध्ये त्यांनी कलाक्षेत्र सुरू केलं. त्यांनी या नाचाला प्रतिष्ठा मिळवून दिली असं एक मत, आणि तो ज्यांचा होता त्यांच्याकडून काढून घेऊन सोवळा केला असं दुसरं. हा वाद अजून मिटलेला नाही.

१९५२ मध्ये पहिली राज्यसभा भरली. राष्ट्रपतींनी नेमलेल्या १२ सदस्यांमध्ये पृथ्वीराज कपूर होते, काका कालेलकर होते आणि एकटी बाई होती ती रुक्मिणीदेवी. लोकांना वाटलं, या आता नृत्य-संगीताबद्दल बोलतील. त्यांनी विषय काढला जनावरांचा.

त्यावेळी देशात प्राण्यांसाठी कायदा नव्हता असं नाही. १८९० चा इंग्रजांचा कायदा होता. पण त्यात प्राणी म्हणजे पाळीव किंवा पकडलेला प्राणी, एवढीच व्याख्या होती. म्हणजे टांग्याच्या घोड्याला किंवा गाडीच्या बैलाला थोडंफार संरक्षण. रस्त्यावरच्या बेवारस कुत्र्याचा कुणी वालीच नव्हता.

आणि त्या कुत्र्याचं काय व्हायचं, ते आज वाचायलाही नको वाटतं.

शहरांमध्ये भटकी कुत्री मारणं हे इंग्रजांच्या काळापासून चालत आलेलं सरकारी काम होतं. मुंबईत तर त्यावरून १८३२ मध्ये दंगल झाली होती. पोलीस बक्षिसासाठी कुत्री मारत सुटले, पारशी लोकांना ते सहन झालं नाही, कारण त्यांच्या धर्मात कुत्र्याला मान आहे. फोर्टमध्ये दगडफेक झाली, बाजार बंद पडला. तरीही मारणं काही थांबलं नाही.

मारायची एक स्वस्त पद्धत होती स्ट्रिकनिन. आपल्याकडे कोकणात काजरा किंवा कुचला नावाचं झाड आहे, त्याच्या बियांमध्ये हे विष असतं. स्ट्रिकनिन शुद्ध हरपू देत नाही. शरीरातल्या स्नायूंना आवर घालणारी यंत्रणाच ते बंद पाडतं. मग जरासा आवाज झाला, कुणी नुसता हात लावला तरी सगळं अंग धनुष्यासारखं ताठ होतं. झटक्यांवर झटके येतात, छातीचे स्नायू आखडतात आणि श्वास अडकून मरण येतं. तोपर्यंत कुत्रं शुद्धीवर असतं. हे सगळं नगरपालिकेच्या पैशातून, दिवसाढवळ्या, लोकांच्या दारासमोर चालायचं.

रुक्मिणीदेवींनी खासदार झाल्यावर लवकरच राज्यसभेत खासगी विधेयक मांडलं. खासगी विधेयक म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने आणलेलं बिल. अशी बिलं सहसा चर्चेपुरतीच असतात. आजवरच्या संसदेच्या इतिहासात फक्त १४ खासगी विधेयकांचे कायदे झालेत आणि त्यातला शेवटचा १९७० मध्ये. म्हणजे पास होण्याची आशा तशी कमीच.

शिवाय विषय अवघड. प्राण्यांचा छळ म्हटलं की नुसता टांगेवाला येत नाही. प्रयोगशाळा येतात, सर्कस येते, कत्तलखाने येतात आणि त्यामागून धर्म येतो. नवा देश, अन्नाची टंचाई, निर्वासितांचे प्रश्न, आणि ही बाई कुत्र्या-माकडांबद्दल बोलतेय, असं म्हणणारेही असणारच.

पण त्यांनी विषय लावून धरला. शेवटी पंतप्रधान नेहरूंनी स्वतः सभागृहात उत्तर दिलं. बिलामागच्या भावनेशी ते सहमत होते. सरकार समिती नेमेल आणि स्वतःच कायदा आणेल, असं आश्वासन त्यांनी दिलं. त्या भरवशावर रुक्मिणीदेवींनी आपलं बिल मागे घेतलं.

राजकारणात असं आश्वासन म्हणजे विषय थंड्या बस्त्यात टाकायची पद्धत असते. इथे मात्र तसं झालं नाही. वेळ लागला, बरीच वर्षं गेली, पण समिती बसली, अहवाल आला आणि २६ डिसेंबर १९६० रोजी प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा मंजूर झाला.

पहिली मोठी गोष्ट व्याख्येची. नव्या कायद्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कुठलाही सजीव. एका ओळीत बेवारस कुत्रं कायद्याच्या कक्षेत आलं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. हा कायदा प्राण्यांना मारूच नका असं सांगत नाही. तो मारायचं कसं ते सांगतो. कलम ९ मध्ये प्राणी कल्याण मंडळाची कामं दिलीत. त्यात एक काम असं की, नको असलेली जनावरं मारण्याची वेळ स्थानिक संस्थांवर आलीच, तर ती एका क्षणात मारली जातील किंवा आधी बधिर करून मगच मारली जातील, हे मंडळाने बघायचं. कलम १३ मध्ये वाचण्यापलीकडे गेलेल्या जखमी जनावराचं काय करायचं ते आहे. मालक सापडत नसेल किंवा तयार नसेल, तर पशुवैद्याचा दाखला आणि दंडाधिकाऱ्याचा आदेश घेऊन पोलीस त्याला विनाकारण वेदना न देता मारू शकतात. प्रयोगशाळेत भूल दिलेला प्राणी इतका जखमी झाला की शुद्धीवर आल्यावर फक्त तडफडेल, तर त्याला भुलीतच संपवावं, हेही कायद्यात आहे.

आयुष्यभर मांसाला हात न लावलेल्या, आंतरराष्ट्रीय शाकाहार संघटनेच्या उपाध्यक्ष राहिलेल्या बाईच्या प्रयत्नातून जो कायदा आला, त्यात मरणाची कलमं आहेत. काही प्राणीप्रेमींना ही तडजोड वाटते. पण हत्या पूर्ण बंद करा म्हणणारं बिल त्या काळात पहिल्याच दिवशी पडलं असतं. नगरपालिकेची गाडी दुसऱ्या दिवशीही फिरणारच होती. त्या गाडीतल्या कुत्र्याला यातना कमी व्हाव्यात, हे हाताला लागण्यासारखं होतं. ते त्यांनी पदरात पाडून घेतलं, आणि तो शहाणपणाच होता.

अर्थात कायद्यात फटीही राहिल्या. धर्माच्या रीतीप्रमाणे होणारी कत्तल कायद्याबाहेर ठेवली. आणि भटकी कुत्री लीथल चेंबरमध्ये, म्हणजे मारण्यासाठी बनवलेल्या बंद खोलीत, मारणं गुन्हा धरलं नाही.

१९६२ मध्ये प्राणी कल्याण मंडळ स्थापन झालं, तेही मद्रासला. अध्यक्ष अर्थातच रुक्मिणीदेवी. राज्यसभेची मुदत त्याच वर्षी संपली, पण मंडळाचं काम त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. एकीकडे कलाक्षेत्रात रामायणावरची नृत्यनाट्यं बसवायची आणि दुसरीकडे कोंडवाडे, कत्तलखाने, माकडांच्या निर्यातीचे कागद बघायचे, असा त्यांचा दिवस.

१९७७ मध्ये राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांचं निधन झालं. पंतप्रधान मोरारजी देसाईंनी रुक्मिणीदेवींना राष्ट्रपतीपदासाठी विचारलं. हो म्हणाल्या असत्या तर देशाला पहिली महिला राष्ट्रपती तीस वर्षं आधी मिळाली असती. त्यांनी नकार दिला. नीलम संजीव रेड्डी बिनविरोध राष्ट्रपती झाले आणि या अड्यारला आपल्या कामात राहिल्या.

१९८२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. १९६० च्या कायद्यात विनाकारण क्रूरपणे मारणं गुन्हा होता, पण कुठली पद्धत क्रूर हे ज्याचं त्याने ठरवायचं. दुरुस्तीने ते नाव घेऊन सांगितलं. भटक्या कुत्र्यांसह कुठल्याही प्राण्याला स्ट्रिकनिनने मारणं हा गुन्हा, असं कलम ११ मध्ये लिहिलं गेलं. कायदा झाल्यापासून २२ वर्षांनी ते विष कायद्यात नावानिशी आलं. रुक्मिणीदेवी तेव्हा ७८ वर्षांच्या होत्या आणि मंडळावर होत्या.

२४ फेब्रुवारी १९८६ रोजी त्यांचं निधन झालं. वाढदिवसाला, म्हणजे लीप वर्ष असतं तर, पाच दिवस बाकी होते.

विष गेलं तरी मारणं चालूच राहिलं. मुंबई महापालिका १९९४ पर्यंत कुत्री विजेचा शॉक देऊन मारत होती. मद्रासमध्येही हेच चालायचं. पण इतकी वर्षं मारूनही कुत्री काही कमी होत नव्हती, हे हळूहळू पालिकांच्याही लक्षात आलं. रिकाम्या झालेल्या गल्लीत नवी कुत्री येतात, उकिरडा तोच असतो, पिल्लं पुन्हा होतात. मग नसबंदीचा मार्ग आला आणि २००१ मध्ये त्याच १९६० च्या कायद्याखाली केंद्राने कुत्र्यांच्या नसबंदीचे नियम काढले.

त्या नियमांमध्येही मरणाबद्दल लिहिलं होतं. फक्त बरं न होणारं किंवा जबर जखमी झालेलं कुत्रंच मारता येत होतं. त्यासाठी पशुवैद्याने भुलीच्या औषधाचं इंजेक्शन द्यायचं. विल्हेवाट लावण्याआधी ते खरंच मेलंय याची खात्री करायची. आणि एका कुत्र्यासमोर दुसऱ्या कुत्र्याला मारायचं नाही.

इतकं बारकाईने लिहिलेल्या कायद्यात एक गोष्ट मात्र जुन्या काळातच अडकली आहे. कलम ११ खाली पहिल्यांदा गुन्हा केला, तर शिक्षा आहे १० ते ५० रुपये दंड. १९६० मध्ये ५० रुपयांना काही किंमत होती. २०२२ मध्ये केंद्र सरकारने शिक्षा वाढवणारा दुरुस्तीचा मसुदा लोकांसमोर हरकतींसाठी ठेवला. त्याचा कायदा अजून झालेला नाही.